पितरांचं मीडियम वेव्ह

शनिवारी दुपारी चार वाजता सिंगापुरात सेरंगूनच्या एका काँडोच्या, म्हणजे खासगी निवासी संकुलाच्या, फंक्शन रूममध्ये सत्तावीस मराठी माणसं जुने ट्रान्झिस्टर कानाला लावून बसली होती. त्यातली बरीचशी बँकांत आणि फायनान्समध्ये होती, दोघं विद्यापीठात संशोधन करत होती आणि बाकीचे त्यांचे आईवडील आणि नातलग. एरवी ही मंडळी शेजाऱ्याला लिफ्टमध्ये नमस्कार करतानाही दुसऱ्या हाताने ई-मेल बघायची. आज सगळ्यांचे मोबाइल दाराशी टोपलीत जमा होते आणि डोळे मिटलेले होते.

समोर सतरंजीवर लहरीनाथ महाराज बसले होते. त्यांच्या शेजारी माणसाहून उंच ॲल्युमिनियमच्या काठीवर भगवा ध्वज होता आणि काठीच्या बुडाशी प्रसादाच्या लाडवांचा मोठा स्टीलचा डबा. महाराजांनी हात वर केला. सत्तावीस ट्रान्झिस्टरांतून एकदम खरखर झाली आणि एका पुरुषाचा आवाज आला.

"शुभे, मी आलोय गं."

तिसऱ्या रांगेत शुभाताईने पदर तोंडाला लावला. तिचे यजमान माधवराव जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांच्याशिवाय तिला 'शुभे' म्हणणारं या जगात कुणी नव्हतं. तिच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ निशिकांत बसला होता. बहिणीच्या डोळ्यांत पाणी बघून त्याने तिला आपला रुमाल दिला. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की माधवरावांनी परवाना काढलाय का?

यात त्याचा दोष नव्हता. निशिकांत रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कम्प्लायन्स सांभाळायचा, म्हणजे दुसऱ्यांनी नियम पाळले की नाहीत हे बघायचा पगार घ्यायचा. आणि छंद होता मीडियम वेव्हचा. बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये कपड्यांच्या कपाटाशेजारी त्याने स्वतः जोडलेलं एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्र होतं. काडेपेटीएवढी पेटी, तिच्यात बोललं की वीसपंचवीस फुटांवरच्या कुठल्याही जुन्या रेडिओवर ऐकू यावं. परंतु हवेत काही सोडायचं तर परवाना हवा, आणि अर्जातल्या एका रकान्याबद्दल शंका असल्यामुळे त्याने अकरा वर्षं अर्ज केला नव्हता. तोवर तो त्या पेटीला अँटेनाच्या जागी एक साधा रोध जोडायचा. सगळी शक्ती त्या रोधात जिरायची, रोध कोमट व्हायचा आणि जगाला काही कळायचं नाही. त्याची बायको मेधा म्हणायची की निवेदक तूच, श्रोता तूच आणि तक्रार करणाराही तूच.

अशा माणसासमोर तीन आठवड्यांपासून पितर बिनपरवाना बोलत होते.

लहरीनाथांचा सिद्धांत असा होता, की मेलेल्या माणसाचा शेवटचा जीव त्याच्या आवडत्या वस्तूत राहतो आणि आपल्या मराठी बाबांची आवडती वस्तू म्हणजे ट्रान्झिस्टर. बोलणं अगदी चुकलेलं नव्हतं. देश सोडताना कुणी चांदीची भांडी मागे ठेवली असतील, पण वडिलांचा ट्रान्झिस्टर टॉवेलात गुंडाळून इथे आणला नाही असं घर विरळा. तो देवघराशेजारी बंद पडून राहायचा. महाराजांनी त्यात नवे सेल घालायला लावले, तबकडीवर एका जागी लाल नेलपॉलिशची रेघ ओढून दिली आणि सांगितलं की काटा इथे आणा, पलीकडे पितृलोक आहे.

आता कुणी म्हणेल की ही शिकलेली माणसं फसली कशी? तर शिकलेली होती म्हणूनच फसली. आयोजक उन्मेष एका बँकेत रिस्क मॅनेजर होता. त्याने आधी रीतसर तपासणी केली. मोबाइल बाहेर ठेवले, हॉलचं वायफाय बंद केलं, महाराजांचे खिसे तपासले. मग त्याने शोधून काढलं की सिंगापुरात मीडियम वेव्हवर आता एकही केंद्र चालत नाही. पट्टा रिकामा आहे. तेव्हा रिकाम्या पट्ट्यावर जो बोलतो तो या लोकातला असूच शकत नाही, असा निष्कर्ष त्याने तीन स्लाइडमध्ये मांडला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. केंद्र म्हणजे सरकारी इमारत आणि मैदानातला मनोरा. लाडवाच्या डब्यातही केंद्र मावतं, हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही.

ज्यांच्या डोक्यात शंका येत, त्यांच्यासाठी महाराज तयार होते. सगळ्यांच्या वडिलांचा आवाज एकसारखाच कसा, असं कुणी विचारलं तेव्हा ते म्हणाले की वर गेल्यावर सगळ्यांना एकच आवाज मिळतो, तिथे भेदभाव नाही. एका गृहस्थांची तमिळ आजी अस्खलित मराठीत बोलली, त्यावर ते म्हणाले की वर मराठीच चालतं. त्या दिवशी टाळ्या पडल्या. मध्येच मागून बसचा भोंगा ऐकू आला, तर ते पुष्पक विमान निघालं. आणि घरी नेल्यावर ट्रान्झिस्टर गप्प का बसतो? तर घरी कांदालसूण असतो.

हसण्यावारी नेता आलं असतं, तर निशिकांतने नेलंही असतं. पण शुभाताईला काचबिंदू होता. नजर कडेकडून आत विझत चालली होती. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर पडायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशन करायचं ते उरलेली वाचवायला. तारीख मिळाली होती येत्या बुधवारची. आणि माधवरावांनी पहिल्याच शनिवारी रेडिओतून सांगितलं की शुभे, डोळ्याला हत्यार लावू देऊ नकोस, औषधाचे थेंब बंद कर आणि महाराजांचं लहरीजल घाल. तिने थेंब बंद केले. रुग्णालयात फोन करून तारीखही रद्द करणार होती. निशिकांतने कसंबसं सोमवारपर्यंत थांबवलं होतं.

त्याने तिला समजावलं नव्हतं असं नाही. पहिल्या बैठकीला तो स्वतःचा रेडिओ घेऊन गेला होता आणि लाडू घ्यायला वळला तेव्हा हातातला आवाज एकदम बुडाला. त्याला तिथेच सगळं उमगलं. घरी येऊन त्याने तासभर सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग 'शुभे' कुठून आलं? सांग ना."

ते कुठून आलं हेही त्याने शोधलं होतं. महाराजांच्या बैठकीसाठी नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म होता, चौतीस रकान्यांचा. एकोणिसावा रकाना होता 'दिवंगत व्यक्ती आपणास कोणत्या नावाने हाक मारीत असे'. ताईने स्वतःच्या हाताने 'शुभे' असं भरलं होतं. पण सिंगापुरात माणूस इतके फॉर्म भरतो, की भरलेला फॉर्म पाठवला की लक्षात राहत नाही. सत्तावीस जणांनी आपापल्या घरची गुपितं रकान्यात लिहून पाठवली होती आणि तीच परत ऐकून सत्तावीस जण रडत होते. निशिकांतने ताईला फॉर्म दाखवला. ती म्हणाली की महाराजांना त्याची काय गरज, त्यांना सगळं कळतं. त्याने परवाना खात्याला तक्रारही लिहिली. पाच कामाच्या दिवसांत उत्तर देऊ, असं लगेच कळवण्यात आलं. पाचवा दिवस गुरुवारी पडत होता.

तेव्हा आज तो उठला. भांडण करून उपयोग नाही, हे त्याला नोकरीने शिकवलं होतं. बँकेतल्या माणसाला खोटं पाडलं तर तो चिडतो, पण प्रक्रिया सांगितली तर उठून उभा राहतो.

हात जोडून तो म्हणाला, "महाराज, एक छोटी चाचणी राहिली आहे. आवाज पितृलोकातून येतो, म्हणजे सगळीकडून सारखाच यायला हवा. रेडिओ आडवा धरून गोल फिरवला तरी फरक पडू नये. तेवढं नोंदवून घेऊ?"

चाचणी राहिली म्हटल्यावर उन्मेष वही घेऊन सरसावला. महाराजांना रेडिओतलं ओ की ठो कळत नव्हतं. पेटी त्यांच्या चेल्याने, अंकुरने, बनवली होती. त्यांनी उदारपणे हात हलवला. "फिरव बाळा. ब्रह्मांड फिरतंय, रेडिओ फिरला तर काय बिघडलं?"

सगळे उठले. निशिकांतने सांगितलं की ट्रान्झिस्टर पोटाशी आडवा धरा, आवाज लहान ठेवा, पायांवर हळूहळू गोल फिरा आणि जिथे आवाज बुडेल तिथे थांबा. मग सत्तावीस सुशिक्षित माणसं वडिलांना पोटाशी धरून फंक्शन रूममध्ये भोवऱ्यासारखी फिरू लागली. एकमेकांना धक्के लागले, सॉरी सॉरी झालं. दारातून काँडोचा सिक्युरिटी अंकल डोकावला आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "अंकल, डान्सिंग मस्ट बुक सेपरेट, लाह."

फिरता फिरता एकेक जण थांबला. उन्मेषच्या हातातले वडील गप्प झाले. तमिळ आजी गप्प झाली. सगळे थांबल्यावर निशिकांत म्हणाला, आता रेडिओच्या अरुंद टोकाकडे बघा, ते कुठे रोखलंय?

सत्तावीस रेडिओंचं एक टोक ध्वजाच्या काठीकडे होतं.

"जागा बदलू या," निशिकांत म्हणाला. लोक खिडकीकडून भिंतीकडे गेले, भिंतीकडचे दाराशी आले, पुन्हा फिरले, पुन्हा थांबले. पुन्हा काठीच. मग त्याने सांगितलं, की जुन्या रेडिओच्या आत तारा गुंडाळलेली एक काळी कांडी असते, तीच त्याचा कान. कांडीचं टोक प्रक्षेपणाच्या तारेकडे रोखलं की रेडिओ बहिरा होतो. समुद्रावरची जहाजं याच युक्तीने दिशा काढायची. ही काठी म्हणजे अँटेना आहे आणि पितृलोक तिच्या बुडाशी आहे.

उन्मेषचा चेहरा पडला. महाराज डब्यावर हात पसरून म्हणाले की ध्वजाला शिवू नका, पितर कोपतील, सात पिढ्यांना बाधा होईल. सगळे जागच्या जागी थबकले. शेवटी भीती ती भीतीच.

शुभाताई मात्र थबकली नाही. तिने रेडिओ स्वतः तीनदा फिरवून बघितला होता. तिसऱ्यांदा नवरा नाहीसा झाला तेव्हा तिने रेडिओ खुर्चीवर ठेवला. चाचपडत ती पुढे गेली, महाराजांचा हात बाजूला केला आणि झाकण काढलं. वर लाडवांचं ताट होतं. ताटाखाली काडेपेटीएवढी पेटी, एक बॅटरी, पेटीला वायरने जोडलेला मोबाइल आणि काठीकडे गेलेली तांब्याची तार. मोबाइलवर फोन चालू होता. पलीकडून अंकुर हॉलमधलं सगळं ऐकायचा आणि बोललेलं पेटीतून हवेत जायचं.

ताई वाकली आणि मोबाइलला म्हणाली, "कोण बोलतंय?"

पलीकडच्याला गोंधळात काहीच उमगलं नव्हतं. सत्तावीस रेडिओ एकसुरात म्हणाले, "शुभे, मी माधव. डोळ्याला हत्यार लावू देऊ नकोस."

"बाळ, तू कुठे बसलायस?"

खरखरीत बसचा भोंगा वाजला. मग सत्तावीस रेडिओ हळू आवाजात म्हणाले, "खाली बस स्टॉपवर, आजी."

"वर ये. उन्हात बसू नकोस."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल हसायला लागला. महाराज त्या हसण्याचा फायदा घेऊन दाराकडे सरकले होते, पण सिक्युरिटी अंकल दारात उभा होता आणि हॉल आवरल्याशिवाय कुणी जायचं नाही असा नियम होता.

ताई हसत नव्हती. ती खुर्चीत बसली आणि निशिकांतला म्हणाली, "चार वर्षांपूर्वी एकदा गेले होते. आज तू त्यांना पुन्हा नेलंस." त्याला वाटलं होतं की खोटं उघडं पडलं की बरं वाटेल; बरं अजिबात वाटत नव्हतं. तो तिच्या पायाशी बसून राहिला.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. उन्मेष मान खाली घालून समोर उभा होता, त्याच्याकडे बघून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"माझे यजमान मला औषधाची वेळ चुकवू द्यायचे नाहीत. हा आवाज औषध सोड म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी बघितलं नाही, कारण मला ते हवे होते. तुम्हालाही कुणी ना कुणी हवंच असेल. पण जो डॉक्टरकडे जाऊ नको म्हणेल, तो देव असो नाहीतर नवरा, त्याचा आवाज येतो कुठून ते आधी उठून बघा."

बुधवारी सकाळी ऑपरेशन झालं आणि नीट झालं. उरलेली नजर शाबूत आहे. पण थेंब बंद होते त्या तीन आठवड्यांत डाव्या डोळ्याची जी कड गेली ती गेलीच. महाराजांना भारतात परत पाठवण्यात आलं तरी त्यांची बाजू घेणारे अजून भेटतात. वाईट काय केलं त्यांनी, चार माणसांना दिलासाच दिला ना, असं म्हणतात. शुभाताई वाद घालत नाही. ती त्या माणसाला आपल्या डाव्या हाताला उभं करते, समोर बघते आणि सांगते की आता तुम्ही मला दिसत नाही.