नवसात सोडलेल्या गोळ्या

आमचा विश्वंभर माईक हातात आला की शेणाचं सोनं करून सांगतो. एरवी घरात विचारलेल्या गोष्टीला धड उत्तर देणार नाही, पण रविवारी आमच्या हळदीच्या शेडमध्ये प्रार्थनेला माणसं जमली की त्याच्या जिभेला पाय फुटतात. मी वसमतला लेकीकडे गेले होते. मागं त्यानं काय केलं? माईकवर उभा राहून सांगितलं, "माझ्या आईनं गोळ्या सोडल्या, सुई सोडली, नुसता येशूवर भरवसा ठेवला, आन आठ दिसात तिचा पाय बरा झाला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. वाजवणारच. टाळ्यांना काय पैसे पडतात?

आठ दिवस! माझ्या पायानं दहा-अकरा वर्षं खाल्ली. आणि ती सुरू झाली ह्याच विश्वंभरापायी.

ट्रॅक्टर उलटून तो दवाखान्यात पडला तेव्हा मी चपला सोडल्या होत्या. आमच्याकडे नवस बोलताना माणूस काहीतरी सोडतं. कुणी वांगं सोडतं, कुणी चहा. मी देवीला म्हणाले, पोरगं पायावर उभं राहीपर्यंत मी अनवाणी. पोरगं उभं राहिलं, पण तोवर तुरीचा खुंट माझ्या तळव्यात शिरला होता. अंगात साखर कधीची होती, मला काय ठाऊक. पायाला कळलंच नाही. जखमेचा चिखल झाला तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. देवीला मी बोल लावत नाही. खुंट रानातला आणि साखर माझ्याच रक्तातली.

जखम भरायची, पुन्हा फुटायची. झाडपाला झाला, अंगारा झाला, चिडून मी दवाखान्याची चिठ्ठी चुलीत घातली. वास असा सुटला की सून ताट ठेवून पदर नाकाला लावायची आणि मला दिसू नये म्हणून पाठ फिरवायची. मग मीच माझी बाज शेडमध्ये नेली. ह्या पंचफुलाबाईची कीव कुणी करू नये, एवढंच मला पाहिजे होतं. हळदीच्या पोत्यांच्या आड पडून मी देवाला शिव्या द्यायचे. सगळ्या देवांना, बराबर वाटून.

तिथं मार्थाबाई आल्या. कळमनुरीच्या, नर्सची नोकरी संपवून घरी बसलेल्या. आमच्या गावात त्यांची बहीण दिली होती. मी म्हणाले, "कोणी बोलावलं तुमाला? जा माघारी." त्या म्हणाल्या, "जाईन की. आधी परात कुठं हाय सांगा." आणि खाली जमिनीवर बसून त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. नाकाला पदर नाही, तोंड वाकडं नाही. कोमट पाण्यानं बोटाबोटाची सांद धुतली.

मला इतकी लाज वाटली की मी ओरडलेच. "सोडा! पाय काय धुता माझे? मी काय देव हाय?"

"देव न्हाई तुमी," त्या म्हणाल्या. "पण माझ्या देवानं धुतले व्हते. मरायच्या आदल्या सांजेला. कमरेला पंचा बांधून, शिष्यांचे."

"देव माणसाचे पाय धुतो?" मला हसू आलं. आमच्याकडे आम्ही देवाचे पाय धुतो. तो धूत नाही.

"त्यातल्या एकानं त्याला त्याच राती धरून दिलं. त्याचेबी धुतले."

मग मी हसले नाही. त्या गेल्यावर पदर तोंडात कोंबून रडले. पोरगं दवाखान्यात पडलं तेव्हाही मी कुणासमोर रडले नव्हते.

त्या येत राहिल्या. पाय धुवायच्या, पुस्तकातलं थोडं वाचायच्या. मला वाचता येत नाही फारसं, तीन इयत्ता झाल्या तेवढ्याच. ऐकून ऐकून मीही त्यांच्या येशूशी बोलू लागले. आधी भांडूनच. काहून मला ही तकलीफ दिली, म्हणून विचारलं. उत्तर आलं नाही. पण शेडमध्ये मी एकटी आहे असं वाटायचं थांबलं. जखम तशीच वाहत होती, तरी एक दिवस मी बाज उचलून पुन्हा घरात नेली. मला विचाराल तर बरी मी त्या दिवशी झाले. नांदेडला दोन बोटं कापली, सुई टोचायला शिकले, गोळ्या खाल्ल्या, आणि मग कुठं हळूहळू तळवा भरला. आता हॉस्पिटलनं दिलेली जाड तळव्याची चप्पल घालते. आत मोजा. बोटं गेली ते घरच्यांखेरीज गावात कुणाला दाखवलं नाही. तेवढा तोरा ठेवलाय मी.

तर वसमतहून आले आणि माझ्या चुलत जावेला, रुख्मिणीला, हळद वाळवायला हाक मारली. ती आली नाही. माझ्या हाकेला न येणारी रुख्मिणी नव्हे. मी तिच्या घरी गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, शेजारी पाण्याची कळशी. पायाला चिंधी. चिंधी सोडली तर अंगठा काळानिळा.

"काहून गं हे? साखरेच्या गोळ्या खाऊन राहिली का न्हाई?"

"सोडल्या, बाई," ती म्हणाली. डोळ्यांत चमक. "तुमच्यावाणी."

"मी कवा सोडल्या?"

"विश्वंभरनं सांगितलं की समद्यांपुढं. म्हून म्याबी नवस बोलले. येशूबाप्पा, पाय बरा होईस्तोवर गोळीला शिवणार न्हाई."

हा अंगठा मी ओळखत होते. माझाही असाच दिसायचा, कापायच्या आधी.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"आन नवस? मोडला तर पाय जाईल माझा."

"न्हाई मोडला तर जाईल, येडे! त्याला तुझ्या गोळ्या कशाला पाहिजेत? त्याला काय शुगर हाय?"

ती हसली नाही. दोन्ही हातांनी पाय धरून भिंतीला आणखी चिकटली. "तुमचं काय जातं? तुमाला पावला त्यो. माझ्या येळंला तुमी आड येता."

आता बोलून भागणार नव्हतं. मी दार लोटलं, खाली बसले आणि मोजा काढला.

रुख्मिणीनं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"बोटं कुठं हायत, बाई?"

"नांदेडला ठुली. गोळ्या न्हाई खाल्ल्या त्याचं भाडं. मलाबी अक्कल उशिरा आली, पण तुझी तरी येळंवर येऊ दे. आठ दिस न्हाई गं, वर्षं गेली. आन आजबी सकाळी प्रार्थना करते, आन मग सुई टोचून घेते. दोन्ही त्यानंच दिलंय."

"मग विश्वंभर खोटं बोलला?"

"बोलला. तुझा नवस त्याच्या शब्दावर उभा हाय, आन त्यो शब्दच खोटा निघाला. खोट्या शब्दावरचा नवस कोणता देव धरून बसल? सुटली तू."

तिच्या उत्तराची मी वाट पाहिली नाही. तिच्याच घरातली परात घेतली, पाणी कोमट केलं आणि तिचा पाय माझ्या मांडीवर ओढला.

"अगं बाई, तुमी मोठ्या! मोठ्या जावंनं धाकटीचे पाय धुवावं?"

"गप बस. मलाबी कोणी धुतले व्हते."

पाणी पिवळं झालं, माझ्या हातांना लागलेल्या हळदीनं. धुता धुता रुख्मिणीचं अंग सैल झालं, हुंदका फुटला आणि ती म्हणाली, "गोळ्या फेकल्या न्हाईत मी. उतरंडीत ठेवल्यात." मला तिचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, सवय नाही.

विश्वंभरला बोलावलं. त्यानं मान खाली घालून दोघींना जीपमध्ये घातलं. डॉक्टर म्हणाले, नख जाईल, कदाचित शेंड्याची कातडीही, पण अंगठा वाचेल. रोज धुऊन पट्टी बदला. वेळेत आणलं. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून देवाला म्हणाले, ह्या खेपेला शिव्या नाहीत.

रविवारी शेड भरलं. रुख्मिणी पुढं खुर्चीवर, पाय पाटावर. विश्वंभर माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "आई, लोकांचा विश्वास वाढावा म्हून बोललो. माझ्या मनात वाईट न्हवतं."

"ठाऊक हाय मला."

"मग आज तूच साक्ष दे. घे माईक."

मी माईक घेतला. चालू होता, तो बंद केला नाही. मोजा तिथंच काढला, पाय सगळ्यांना दिसेल असा बाकावर ठेवला आणि माझ्या लेकाकडं वळले.

"विश्वंभर, देवानं माझं केलं ते पुरं हाय, त्याला तुझी फोडणी लागत न्हाई. हे बघ, दोन बोटं कमी, आन तरीबी मी बरी हाय. एवढंच खरं सांगायचं व्हतं तुला. आता ऐक. रुख्मिणीकाकूचा पाय भरंपर्यंत रोज सकाळी परात घेऊन तिच्या दारात तू बसायचं, आन नाक न मुरडता पाय तूच धुवायचा. त्यो भरला की ये माझ्याकडं. तवर माईक माझ्यापाशी राहील."