नळीतली गुलाबी पूड

आमच्या ह्यांना दम म्हणून कधी नव्हता. चहा निवायच्या आत घशाखाली, आणि जीभ भाजली की माझ्यावर डाफरायचं! आमचं प्रयोगशाळेतलं यंत्र मात्र घाईवाल्यांचं नाही. इवल्याशा भांड्यात चिमूटभर पूड ठेवायची, आतली हवा पंपाने काढायची, मग भट्टी चालू करायची. पूड टिकाऊ नसेल तर तापताना तिच्यातून वायू सुटतो, वजन उतरतं आणि यंत्र काढत असतं ती वजनाची रेघ खाली येते. पण हवा काढताना झडप केसभर, केसभर उघडावी लागते. धसकन उघडली, की हवेबरोबर पूडच उडून जाते. मी झडपेशी बसले की हे मागून म्हणायचे, "अगं, झडप उघडतेयस की बाळ निजवतेयस?"

पूड ह्यांनीच बनवलेली, फिकट गुलाबी. हवा काढून चालवतात त्या भट्ट्यांना आतून लेप द्यायला. सहा वर्षं तिच्यापायी घासली. मोकळ्या हवेत ती कितीही तापवा, ढिम्म हलायची नाही. हवा काढून तेवढं बघायचं राहिलं होतं, आणि नेमकी माझी बहीण आजारी पडली. तिच्याकडे जाताना ह्यांना बजावलं होतं, "मी येईपर्यंत यंत्राला हात लावू नका."

ऐकतील तर शपथ! परत आले, तर हे स्वयंपाकघरात आलेख पुढ्यात घेऊन बसलेले. वजनाची रेघ सुरुवातीलाच खाली कोसळलेली.

"टिकली नाही गं," म्हणाले. "तुझीही सहा वर्षं मातीत घातली मी."

"पुन्हा करून बघू," मी म्हटलं. त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही. उरलेल्या पुडीची बाटली कपाटात मागे ढकलली. त्या दिवसापासून माणूस मिटला. चहा पुढ्यात गार व्हायला लागला. थंडी सरायच्या आत एका सकाळी उठलेच नाहीत.

काल यंत्र वार्षिक सफाईला खोललं. पंपाच्या नळीच्या वळणात ब्रश फिरवला, तर ब्रशला गुलाबी. पुडीला काही झालंच नव्हतं. ती नुसती उडाली होती. ह्यांनी झडप धसकन उघडून त्याच क्षणी भट्टीही चालू केली असणार, म्हणून उडालेल्या पुडीचं वजन सुटलेल्या वायूचं वाटलं.

"अहो, चार दिवस धीर धरवला नाही?" मी मोठ्याने ओरडले. असा संताप आला! मी दमून येईन, आल्या आल्या सरळ रेघ हातात ठेवून मला हसवायचं, हेच असणार त्यांच्या डोक्यात. मग मात्र मला रडू आवरेना.

आज बाटली काढली. झडप माझ्या पद्धतीने उघडली. भट्टी जाईल तिथवर तापवली. रेघ सरळच्या सरळ.

आमचे साहेब ह्यांचे कॉलेजपासूनचे दोस्त. ते धावत आले. "वहिनी, टिकली की! आधी त्याला फोन..." आणि त्यांनी जीभ चावली.

भट्टी पुरती निवल्याशिवाय भांडं बाहेर काढता येत नाही.

"तुम्ही घरी जा, मी काढतो," साहेब म्हणाले.

"बसते मी," मी म्हटलं. "घरी जायची आता कसली घाई?"