मागून नेलेला वाऱ्याचा दोर

मी घोड्याच्या केसांचा दोर बोलतोय. हात लावलात तर टोचेन, आधीच सांगून ठेवतो. मऊपणा माझ्या अंगात नाही आणि मला त्याची खंतही नाही.

मला वळलं जानिल नावाच्या मुलीने. मांगिस्तौच्या डोंगरांच्या पायथ्याशी तिच्या भावाचं, कोसायचं, नमद्याचं, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचं, गोल घर होतं. आयाळीचे आणि शेपटीचे केस वर्षभर साठवून तिने मला वळलं. लग्न होऊन समुद्रकाठी जाण्याआधी छताच्या मधल्या लाकडी कड्याला आपल्या हाताने बांधलं. "दादा, मी नसले तरी हा घर धरून ठेवील," असं म्हणाली. कोसाय तेव्हा दुसरीकडे बघत होता.

आमच्याकडे मला वाऱ्याचा दोर म्हणतात. हवा चांगली असली की मी वर गुंडाळून खोचलेला असतो. माणसं खाली बसून दुधाचा चहा पितात आणि माझ्याकडे कोणी मान वर करून बघतही नाही. वारा उठला की मात्र सगळे हात माझ्याकडे. मला खाली ओढायचं आणि मधोमध ठोकलेल्या खुंटीला ताणून बांधायचं. कडं जागेवर राहिलं तर घर राहतं. ते उचललं गेलं की छताच्या काठ्या सुटतात आणि घर छत्रीसारखं उलटं होतं. वारा पडला की मी पुन्हा वर, गरज सरो नि वैद्य मरो.

जानिल पुढे तापाने गेली. तिचा मुलगा इझबासार समुद्रकाठीच वाढला आणि हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावर मासे धरू लागला. आमच्या मुलखात भाच्याचा मान मोठा. बहिणीच्या मुलाने आयुष्यात तीनदा मामाकडे मनाला येईल ते मागावं आणि मामाने नाही म्हणू नये. नाही म्हणणाऱ्या मामाचे हात पुढे थरथरतात, असं सगळे मानतात. पहिल्या मागण्यात इझबासारने एक शिंगरू नेलं होतं. ते शिंगरू उलतुआरमामी अजून विसरली नव्हती.

त्या वर्षी हिवाळा सरत आला होता. दुपारी ऊन पडायचं, नमद्यावरचा बर्फ वितळून ठिबकायचा. संध्याकाळी तेच पाणी उतारावर काचेसारखं गोठायचं, आणि ती काच फोडून गवत शोधताना मेंढ्यांचे पाय रक्ताळायचे. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या. अशात एका दुपारी इझबासार दारात उभा राहिला.

"या भाचेबुवा," मामी म्हणाली. "आज आमच्या घरातलं काय आवडलंय? शिंगरू गेलं, आता मीच उरलेय."

"तुला नेऊन खायला कोण घालील, मामी?"

मामा पोट धरून हसला. चहा झाला, वाळवलेल्या दह्याचे खडे चघळून झाले. मग इझबासारने वर बघितलं. इतक्या दिवसांत माझ्याकडे कोणीतरी बघितलं म्हणून मी आधी सुखावलोच.

"मामा, दुसरं मागणं मागतो. तो दोर द्या."

मामीने किटली खाली आदळली.

"बर्फाखालून जाळं ओढायला हवाय," तो म्हणाला. "लोकरीचा दोर भिजला की गोठून काठी होतो. केसांचा पाणी धरत नाही. आणि आईच्या हातचं माझ्याकडं काहीच नाही, मामा."

"उन्हाळ्यात ने," मामी म्हणाली. "पळून चाललाय का तो?"

"उन्हाळ्यात बर्फ कुठनं आणू?"

"अहो, तुम्ही तरी बोला. हिवाळा सरायच्या आत वाऱ्याचा दोर कुणी देतं का?"

"सरलाच की हिवाळा. ऐक, पाणी ठिबकतंय," मामा म्हणाला. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून निघणारच नव्हता. त्याने स्वतः पेटीवर चढून माझी गाठ सोडली आणि माझ्या जागी लोकरीचा दोर बांधला. नवा होता, मऊ, गुबगुबीत. असला दोर कडं धरून राहील का, देव जाणे.

समुद्रावर माझं काम वेगळंच होतं. किनाऱ्यापासून बरंच आत, बर्फात दोन भोकं पाडलेली. एक किनाऱ्याच्या बाजूला, दुसरं समुद्राच्या बाजूला. लांब काठीने मला पाण्याखालून एका भोकातून दुसऱ्यात काढलं, म्हणजे मागून माझ्या आधाराने जाळं ओढता येतं. किनाऱ्याकडच्या भोकापाशी माझं टोक एका पहारीला बांधलं होतं. तिथे शोनायकाका हा म्हातारा कोळी आणि बर्फगाडीचा घोडा. दुसऱ्या टोकाशी इझबासार एकटा.

हवा गरम होती. नको इतकी गरम. मग वाळवंटाकडून वारा सुटला आणि बर्फावर पिवळसर मिठाची धूळ सरपटू लागली. किनाऱ्यावरून समुद्राकडे सुटलेला वारा म्हणजे काय, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. तो पातळ झालेला बर्फ तोडून माणसांसकट आत नेतो.

"इझबासार," काका ओरडला. "टाक सगळं. पळ इकडं."

"जाळं तरी—"

"जाळं गेलं चुलीत. ये म्हणतो ना."

तो धावला, पण दोन्ही भोकांच्या मधोमध बर्फ तडकला. आधी रेघ दिसली, मग हातभर काळं पाणी, मग दोन माणसांच्या उंचीएवढं. इझबासारच्या पायाखालचा बर्फ समुद्रात निघाला होता आणि मी दोन्ही तुकड्यांच्या खालून जाऊन त्या काळ्या पाण्यात ताणला जात होतो. मी किती लांब आहे ते मला ठाऊक होतं. थोडा वेळ गेला असता तर मी संपलो असतो, आणि तोही.

"दोर, दोर बघ," काका ओरडत होता. "पाण्यात बघ, गाढवा."

इझबासार कडेला पालथा झाला. बर्फ ओढायच्या आकड्याने त्याने मला फटीतून वर काढलं. त्याच्या मागच्या भोकातून माझं मोकळं टोक सरसर ओढून घेतलं आणि कमरेला बांधलं. बोटं वाकत नव्हती, शेवटची गाठ त्याने दातांनी आवळली. तिकडे काकाने मला पहारीवरून सोडून भोकातून पाण्यात टाकलं, फटीच्या काठाशी लांब काठीने वर काढलं आणि घोड्याच्या गळपट्ट्याला बांधलं.

इझबासारने पाण्यात उडी टाकली. घोड्याने ओढ घेतली. बर्फाच्या धारेवर माझे केस तटातट तुटत होते आणि मला एकच कळत होतं, की तुटायचं नाही. जानिलचं पोर माझ्या गाठीत होतं.

तो बाहेर आला तेव्हा निळा पडला होता. काठावरच्या झोपडीत काकाने त्याला उंटाच्या लोकरीत गुंडाळलं, चहा पाजला आणि शिव्याही घातल्या. जरा ऊब आल्यावर इझबासारने मला हातात घेतलं आणि एकदम उभा राहिला.

"काका, हा वारा डोंगराकडनं आलाय."

"मग?"

"मामाच्या घरावरनं आलाय. आणि दोर माझ्याकडं आहे."

काकाने घोडा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी इझबासारने मला छातीवरून आडवा गुंडाळला आणि वाऱ्याला तोंड देत वाळवंटात शिरला. मिठाची धूळ डोळ्यांत, दातांत, घोड्याच्या नाकपुड्यांत. पुढचं काही दिसत नव्हतं. वारा जिकडून येतोय तिकडे जायचं, एवढीच वाट. तो सारखं "आई, आई" म्हणत होता. त्याचं काळीज माझ्यावर धडधडत होतं. माझाही जीव टांगणीला लागला होता.

डोंगर आला तसं धुळीचं हिमवादळ झालं. घराच्या जागी घर नव्हतं. नमद्याचा एक ढीग पडला होता, त्यावर बर्फ साचला होता आणि धूर कुठेच नव्हता.

"मामा," त्याने हाक मारली. मग पुन्हा मारली. काही नाही. तो ढिगाभोवती ओरडत धावत सुटला. तेवढ्यात ढिगाखालून एक कोकरू ओरडलं.

"बोंबलतोस काय नुसता," खालून मामीचा आवाज आला. "नमदा उचल."

लोकरीचा दोर पहिल्याच मोठ्या झोतात तुटला होता. मामा पेटीवर उभा राहिला आणि त्याने उरलेलं टोक मनगटांना गुंडाळून कडं धरून ठेवलं. मामी नवी कोकरं गोळा करून नमद्याखाली घालेपर्यंत तो तसाच लोंबकळत होता. मग कडंच मोडलं. दोघं कोकरांना पोटाशी घेऊन त्या ढिगाखाली पडून राहिली. मामाची मनगटं सोलून काळी पडली होती.

इझबासार त्या हातांकडे बघून रडला. मला त्याने मामाच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या परत. माझं चुकलं."

"दिलेलं मामा परत घेत नसतो," मामा म्हणाला. "तू जिवंत आलास ना? मग दोर कामी आला."

"मामा, माझं तिसरं मागणं राहिलंय."

"आता आणखी काय? माग."

"हा दोर परत घ्या."



"घ्या आता," मामी म्हणाली. "नाही म्हणायची सोय नाही तुम्हाला." आणि तोंड फिरवून ती कोकरं मोजायला लागली.

आता मी पुन्हा वर आहे, नव्या कड्याला. मध्यावर झिजलोय, बर्फाने कापलं तिथे गाठ मारलेली आहे. हिवाळा सरायला आला की इझबासार मासेमारी सोडून इथे येतो आणि वारा उठला की मला स्वतः बांधतो. मामाला आता गाठ मारता येत नाही. त्या वादळापासून त्याचे हात सतत थरथरतात. चहाची वाटी मामीच त्याच्या ओठांना लावते आणि वर दोन टोमणे मारते.

कोणी लांबचा पाहुणा आला की ते हात बघतो आणि बाहेर पडल्यावर सोबत्याला हळूच म्हणतो, "भाच्याला नाही म्हटलं असणार यानं." मामाला ऐकू येतं. तो सोसून घेतो. मला मात्र ते सोसत नाही, म्हणून आज बोललो.

माझं मागणं थोडं आहे. वाऱ्याचा दोर हवा असेल तर जरूर मागा, पण उन्हाळ्यात मागा. आणि कोसायच्या हातांबद्दल काही बोलायच्या आधी एकदा मान वर करून माझ्याकडे बघा. त्या हातांनी नाही म्हटलं असतं, तर ते आज थरथरले नसते.