इंजिनाचं रक्त बदलणारा

महिन्याचा पहिला शुक्रवार होता. उंच डोंगरपठारावरच्या एल आल्तो शहराच्या टोकाला, जिथे मिनीबसचा थांबा संपून माळ सुरू होतो, तिथे सकाळी आठलाच पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांची रांग पार वीटभट्टीपर्यंत गेलेली. बॉनेटवर फुलांच्या माळा, काचांवर रंगीत कागदाचा चुरा, चाकांपाशी बियरच्या बाटल्या. गाडी अशी नटवायची आणि पचामामाला, धरणीमातेला, चार थेंब पाजायचे, हा तर इथला पिढीजात रिवाज. त्यात नवल काही नव्हतं. नवल होतं ते गर्दीच्या मधोमध लाल पोंचो घालून उभ्या असलेल्या, मंत्राने गाड्या 'बऱ्या' करणाऱ्या माएस्त्रो एपिफानियोचं.

"खालच्या मुलखातून पाहुणा आला की इथल्या उंचीवर त्याला दम लागतो की नाही?" माएस्त्रो विचारत होता.

"लागतो," गर्दी म्हणाली.

"त्याला आपण कोकाचा काढा पाजतो की नाही?"

"पाजतो."

"मग ही गाडी आली कुठून? जपानातून. समुद्रकाठावरून. तिला नाही दम लागणार? तिचं रक्त नासतं, ते खाली टपकायला लागतं. श्वास कोंडला की तो नारिंगी डोळा उघडतो. आणि तुमचा गॅरेजवाला काय करतो? पार्ट बदलतो. अरे, दम लागलेल्या माणसाचं कुणी नाक बदलतं का?"

गर्दी खो खो हसली. एकटी लुसमिला हसली नाही. पाठीवर झोळीत बांधलेल्या बाळाला हलवत ती मक्याची गरम आपी विकणाऱ्या बाईच्या हातगाडीआड उभी होती. हे नाक तिने स्वतःच्या हाताने दोनदा बदललं होतं.

रांगेत तिसरी गाडी कासिमिराची होती. कासिमिरा म्हणजे लुसमिलाच्या बाळाची धर्ममाता, तिची कोमाद्रे. या मार्गावर स्वतः मिनीबस चालवणारी ती एकटीच बाई. नवरा गेल्यावर स्टिअरिंग हातात घेतलं ते आजवर सोडलं नव्हतं. गाडी बंद पडली तर घरात चूल कशी पेटायची, हा प्रश्नच होता.

तिने खिडकीतून हात केला. "कोमाद्रे, तोंड का उतरलंय तुझं?"

"बाळ झोपलं नाही रात्री."

"मग घरी जा ना. थंडीत लेकराला कशाला उभं करतेस? माझी काळजी नको. तू सांगितलंस म्हणून तर आलेय मी. बाकी कुणी सांगितलं असतं, तर नसते आले."

लुसमिलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण ते खरं होतं.

लुसमिला तंत्रनिकेतनात इंजिनाचं काम शिकलेली. गल्लीतली माणसं तिला अर्धी चेष्टेने, अर्धी कौतुकाने 'इंजिनियर' म्हणायची. नवऱ्याच्या, तेओफिलोच्या जुन्या मिनीबसचं ऑइल गळायला लागलं आणि डॅशबोर्डवर नारिंगी दिवा लागला, तेव्हा तिने ऐटीत सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. धुराच्या पाइपात बसवलेला तो एक तुकडा असतो. बाहेर पडणाऱ्या धुराचा वास घेऊन तो इंजिनाला सांगतो, पेट्रोल जास्त होतंय की कमी. तिने नवा बसवला. दिवा विझला, आठवड्याभरात परत लागला. तिने आणखी एक बसवला. तोही गेला. त्या दिवसापासून सासूने 'इंजिनियर' हा शब्द जरा लांबवून उच्चारायला सुरुवात केली.

म्हणून गेल्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सासूने माएस्त्रोचं नाव काढल्यावर ती गप्प बसली. त्याने बॉनेटवर घोंगडी टाकली, आत दोन चेले घातले, अर्धा तास मंत्र म्हटले. "गाडी आता पचामामाच्या कुशीत निजली आहे," म्हणाला. मग किल्ली फिरवली तर दिवा नाही. खाली एक थेंब नाही. डॅशबोर्डवरचं घड्याळ मात्र एक वाजल्याचं दाखवत लुकलुकत होतं आणि रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशनं उडाली होती. हे लुसमिलाने पाहिलं होतं. त्याचा अर्थही तिला कळत होता. पण माएस्त्रोने तिला हात धरून पुढे ओढलं, "ही शिकलेली बाई आहे, हिलाच विचारा," म्हणाला, आणि एवढ्या लोकांच्या नजरा अंगावर आल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, विझलाय."

मग माएस्त्रोने बॉनेटला लाल फीत बांधली. पुढच्या महिन्याच्या शुक्रवारपर्यंत सोडायची नाही. आणि दिवा पुन्हा लागलाच तर समजायचं, त्या घरात कुणीतरी कुणाला फसवतंय.

परवा बाळाला घेऊन ती पुढच्या सीटवर बसली होती. नारिंगी दिव्याच्या जागी चर्चमधल्या पवित्र कुमारी मातेचं छोटं चित्र चिकटवलेलं दिसलं. बाळाने नखाने त्याचा कोपरा उचकटला. खाली दिवा जळत होता.

तेओफिलोने गिअरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "चौथ्या दिवशीच लागला," तो हळूच म्हणाला. "तुला वाटलं असतं, माझं बाहेर काही आहे."

"आहे का?"

"अगं, रात्री दहाला घरी येतो, चारला उठतो. केव्हा करू?"

तिला हसू आलं. पण पाठोपाठ त्याच मार्गावर मिनीबस चालवणाऱ्या सिस्तोची गाडी आठवली. तिच्यात त्याच जागी काळी चिकटपट्टी होती. चालकांच्या युनियनच्या चिटणिसाच्या गाडीत नातवाचा फोटो. या शरमेवरच माएस्त्रोचा सगळा धंदा उभा होता. ज्याचा दिवा लागे तो आधी बायकोकडे बघे, मग दिवा झाके. आणि दिवा लागलाय हे सांगणारा कुणी उरत नसे.

पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू करताना महिनाभर आतून टकटक येत होती. काल तिने फीत कापली. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावरून ऑइल ओघळेना. काकवीसारखं लोंबून राहिलं, आणि नाकाला गंधकाचा वास आला. ते इंजिनाचं ऑइल नव्हतंच. ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये घालतात ते होतं.

आणि आता कासिमिराच्या गाडीवर घोंगडी पडत होती.

घरी जावं, दार लावून घ्यावं, असं लुसमिलाला फार वाटलं. उद्या कासिमिराला एकटीला सांगता येईल, असंही वाटलं. पण तोवर तिच्या इंजिनात ते काकवीसारखं ऑइल गेलेलं असेल, आणि भल्या पहाटे ती गाडी सुरू करेल. लुसमिला हातगाडीआडून बाहेर आली.

"ती घोंगडी काढा," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं.

"या, इंजिनियरबाई," माएस्त्रो म्हणाला. "पाहिलंत? आभार मानायला आल्या."

"माझा दिवा परत लागलाय."

माएस्त्रोने मान हलवली, अगदी कनवाळूपणाने. "पोरी, हे चारचौघांत बोलायचं नव्हतंस. घरातलं घरात ठेवायचं." मग गर्दीकडे वळून, "नवऱ्याने आता काय समजायचं ते समजावं."

मागून कुणीतरी फिस्स करून हसलं. लुसमिलाची नजर जमिनीवर गेली, ती वर येईना. तेवढ्यात गर्दीतून तेओफिलो पुढे आला. कान लालबुंद झालेले.

"दिव्यावर चित्र मी चिकटवलं होतं," तो म्हणाला. "तिने नाही. मला लाज वाटत होती. दॉन सिस्तो, तुमच्या गाडीतली ती काळी पट्टी कसली आहे?"

सिस्तो म्हातारा, युनियनमधला सगळ्यात जुना. त्याने टोपी काढली, परत घातली. "काच तडकली आहे," तो पुटपुटला.

"बघू तरी," त्याची बायको म्हणाली.

ती स्वतःच गाडीत चढली, इंजिन चालू केलं, पट्टी ओढून काढली. मग खाली उतरून नवऱ्याकडे बघत राहिली. "लागलाय," ती म्हणाली. "तरीच म्हटलं, महिनाभर तू माझ्याशी इतका गोड का वागतोयस."

लोक हसले, पण या वेळी हसू वेगळं होतं. एकेक इंजिन घुरघुरायला लागलं. पट्ट्या निघाल्या, चित्रं निघाली, नातवाचा फोटो निघाला. मागच्या वेळी 'बऱ्या' झालेल्या जवळपास सगळ्या गाड्यांत दिवा जळत होता, आणि त्यांचे मालक एकमेकांची नजर चुकवत उभे होते.

"एवढ्या घरांत पाप," माएस्त्रो म्हणाला, पण त्याचा एक चेला एव्हाना पिशवी भरायला लागला होता.

"पाप नाही, बॅटरी आहे," लुसमिला म्हणाली. "दॉन सिस्तो, इंजिन बंद करा आणि मला दहा नंबरचा पाना द्या."

तिने बॅटरीची वायर सोडवली. मंत्र नाही, दारू नाही, माळ नाही. बाळ रडायला लागलं तसं ते पुढे घेऊन, चाकाला टेकून, तिने त्याला पाजलं. पाजताना ती सांगत होती, आणि माणसं वाकून ऐकत होती.

"गाडीतला कॉम्प्युटर बिघाड लक्षात ठेवतो, म्हणून दिवा लावतो. वीज तोडली की त्याची आठवण पुसली जाते. घड्याळही पुसलं जातं, रेडिओही. बिघाड जागच्या जागी असतो. दोन-चार दिवसांनी त्याला तो परत सापडतो. गळतीचं म्हणाल तर, घोंगडीखाली इंजिन धुतात, खरं ऑइल काढतात आणि घट्ट ऑइल भरतात. ते भेगेतून लवकर उतरत नाही. पण आपल्या थंडीत ते इंजिनाच्या वरच्या भागातही लवकर चढत नाही. सकाळची टकटक तीच. आत लोखंड लोखंडावर कोरडं घासतंय. आज घरी जाऊन सगळ्यांनी ते काढून टाका."

मग वायर जोडली आणि सिस्तोने किल्ली फिरवली. दिवा नव्हता. घड्याळात एक वाजला होता.

"बरी झाली का माझी गाडी?" सिस्तोने विचारलं.

"नाही. मघाशी होती तशीच आहे."

लोक पोंचोवाल्याकडे वळले, तेव्हा तो आणि चेले टॅक्सीत बसत होते. कुणी मागे धावलं नाही. जाब विचारायला तोंड कुणाला होतं?

"पचामामाला मी आजही चार थेंब देईन," लुसमिला म्हणाली. "माझी आई द्यायची. पण तिच्या नावाने कुणी बॉनेट झाकलं, तर आधी झाकण काढायला सांगा. आणि दिवा लागला तर लागलाय म्हणून सांगा. त्यात लाजायचं काही नाही. विझला नसताना विझला म्हटलं, लाज त्याची वाटते. ते मी म्हटलं, याच जागेवर उभी राहून."

कासिमिरा गाडीतून उतरली. ती आता काय म्हणेल, याची लुसमिलाला माएस्त्रोपेक्षा जास्त भीती वाटली.

"मग तुझे ते दोन सेन्सर का गेले?" कासिमिराने विचारलं.

"इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं पॅकिंग कडक झालंय. तिथून ऑइल गळून थेट सेन्सरवर पडत होतं. आधी गळती थांबवायला हवी होती, मग सेन्सर. मी उलट केलं. आणि चुकलं म्हणायची लाज वाटली, म्हणून तुला इथवर आणलं."

कासिमिराने बॉनेटवरच्या माळा एकेक करून उचलल्या, नीट बाजूला ठेवल्या आणि झाकण उघडलं. "माझ्या गाडीला काय झालंय?"

"माहीत नाही," लुसमिला म्हणाली. "बघते."

बाळ कासिमिराच्या हातात देऊन ती इंजिनात वाकली.