ड्रायव्हरचाच प्रॉब्लेम

"मॅडम, तुमचं तोंड उघडंच राहिलंय," पडद्यावरचा मुलगा म्हणाला आणि बाकीची मुलं खिदळली. मग मुलांचे चेहरेही थिजले, आवाजाचे तुकडे झाले आणि स्पर्शिकेची सिद्धता अर्ध्यावर टाकून भूमितीचा तास आपोआप संपला. बाईंनी मान वळवून हाक मारली, "अहो, गेलं बघा परत."

अहो दारातच उभे होते. त्यांची उभी हयात टेलिफोन खात्यात वायरी जोडण्यात गेली होती, म्हणून सगळी वसाहत त्यांना साहेब म्हणायची. निवृत्तीनंतर हळूहळू ती हाकही बंद झाली. टेलिफोनच उरले नाहीत, तर साहेबांना विचारतो कोण? मग साहेबांनी पुस्तकं वाचून, खपून, बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं. तेव्हापासून त्या यंत्राच्या दुरुस्तीला दुसऱ्या कोणी हात लावायची सोय उरली नव्हती.

"ड्रायव्हरचाच प्रॉब्लेम आहे," खुर्ची ओढत साहेब म्हणाले. "आतलं वायफाय कार्ड आणि सिस्टीम, या दोघांचं बोलणं करून देतो तो ड्रायव्हर. तोच बिघडलाय."

"पण माझ्या मोबाइलला रेंज पूर्ण आहे हो."

"म्हणूनच म्हणतोय ना. राउटर ठणठणीत आहे. इथे बघ, एकच रेघ. बस तू जरा शेजारी."

आणि बाई बसत. महिनाभर रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं पळत. साहेब कधी वायफायची वीजबचत बंद करत, कधी फर्मवेअर नव्याने टाकत, कधी जुन्या कर्नलवर जाऊन येत, आणि प्रत्येक गोष्ट समजावून सांगत. बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण नवरा बोलतोय याचंच त्यांना अप्रूप होतं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस भाजीत मीठ कमी आहे याच्यापलीकडे फारसं कधी बोलला नव्हता. आता एखाद्या संध्याकाळी दोघं चक्क हसतसुद्धा.

इकडे मुलं गळत चालली होती. लग्नासाठी सोडलेली शिकवणी बाईंना केस पिकल्यावर परत मिळाली होती, घरबसल्या का होईना, पण स्वतःची. कोणी मॅडम म्हटलं की त्यांची पाठ आपोआप ताठ होई. मोबाइलवरून शिकवून पाहिलं, तर वर्तुळ काढलं की मुलांना वाटाणा दिसायचा. एकेका आईचा निरोप येत गेला आणि शेवटी एकच मुलगी उरली. तिच्या आईने आडपडदा ठेवला नाही. "शनिवारचा तास नीट झाला तर बघू, मॅडम. परीक्षा तोंडावर आलीये."

शनिवारी सकाळी साहेब फिरायला गेल्याचं बघून बाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि चौकातलं दुरुस्तीचं दुकान गाठलं. आपलाच लॅपटॉप, तरी चोरी केल्यासारखं वाटत होतं.

दुकानदाराने खालचं झाकण काढलं आणि आत बोट ठेवलं. "काकू, ड्रायव्हर उत्तम आहे. अँटेनाच जोडलेली नाही. या दोन बारीक वायरी दिसतात का, काळी आणि पांढरी? या कार्डाला लागलेल्या असायला हव्यात. कुणीतरी काढून ठेवल्यात."

"निघाल्या असतील हो. जुनाच आहे तो."

"निघाल्या असत्या तर लोंबत असत्या. यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून, गुंडाळून कडेला बसवलंय. काम मात्र झकास केलंय. हात सराईत दिसतो."

तो सराईत हात बाईंनी ओळखला. घरात फ्रिजमागे, घंटेमागे, प्रत्येक वायरीला अशीच पट्टी होती. दुकानदाराने वायरी कार्डावर दाबल्या, झाकण लावलं आणि सगळ्या रेघा भरल्या. एवढंच काम होतं. वाटेत बाईंना राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली. महिनाभरातल्या त्या सगळ्या संध्याकाळी आपल्याला आवडत होत्या, हेच त्यांना सहन होईना.

संध्याकाळी तासाची वेळ झाली. पडद्यावर मुलीऐवजी तिची आई आली.

"मॅडम, आज तास नको. आम्ही तिला दुसरीकडे लावलंय. तुम्ही शिकवता छान, काल रडली ती. पण भरवसा नाही ना राहिला. नुसता निरोप पाठवणं बरं वाटेना, म्हणून समोर येऊन सांगतेय."

आईच्या मागे मुलगी उभी होती आणि खालचा ओठ दातात धरून जमिनीकडे बघत होती. तिच्या बाहीवरचा शाईचा डागसुद्धा बाईंना स्वच्छ दिसला. त्या एवढंच म्हणाल्या, "अभ्यास कर हं." आणि चौकट मिटली.

"एक शब्द तुटला नाही," मागून साहेब म्हणाले. त्यांची नजर लॅपटॉपच्या बुडाकडे होती. "कालचा ड्रायव्हर लागू पडला वाटतं."

"सकाळी वायरी जोडून आणल्या मी."

साहेब खुर्चीत बसले. माफीचा शब्द तोंडातून निघाला नाही, निघाला तो राग. "मग काय करायचं होतं मी? दिवसभर तू त्या पोरांत. घरात माणूस आहे की कपाट, तुला पत्ता नसायचा. वायरी काढल्या तेव्हा कुठे शेजारी येऊन बसायला लागलीस."

"म्हणाला असतात तर बसले असते की हो."

"म्हणायचं?" साहेब खरोखरच चक्रावले. "बायकोला?"

मग साहेबांनीच दुसरी खुर्ची जवळ सरकवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "जाऊ दे. आता मोकळीच आहेस ना? ये, बस."

बाईंनी ती खुर्ची उचलली, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवली आणि लॅपटॉप आपल्याकडे वळवला. रिकामा वर्ग उघडला, एक त्रिकोण काढला, टोकांना अक्षरं दिली आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात शिकवायला सुरुवात केली. पडद्यावर एकच चौकट होती, त्यांची स्वतःची.

"आता सांगा बरं, हे दोन कोन समान का?" त्यांनी विचारलं, आणि मुलांना विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबल्या.