उन्हात ठेवलेले सेल

आनंदीबाईंनी अंगणाच्या दगडी गडग्यावरच्या चार सेलांची कूस बदलली आणि शेजारच्या सुक्या बांगड्यांवरची माशी हाकलली. संपलेला सेल कडक उन्हात तापवला की रेडिओ आणखी दोन संध्याकाळी बोलतो, हे केळशीच्या खाडीकाठाला कुणी शिकवावं लागत नाही. मासळी सुकत घालायची, तिच्या बाजूला सेल घालायचे.

"मढी राखीत बसलीस काय गो?" आतून आप्पा ओरडले. "आत ये. नवऱ्याची अक्कल बघ जरा."

नवऱ्याची अक्कल उभा जन्म बघून आनंदीबाईंचे डोळे निवले होते. तरी पदराला हात पुसत त्या आत गेल्या.

आप्पांची सगळी नोकरी जहाजावर गेली, विजेच्या मिस्त्रीच्या हाताखाली. घरी येऊन बसल्याला दोन वर्षं झाली, पण माणूस जहाजावरून काही उतरला नव्हता. घरात बोलणं कमी आणि हुकूम जास्त. वाडीत लाईट आल्यापासून त्यांच्या डोक्यात एकच खूळ होतं, रेडिओ सेलांवाचून चालवायचा. खेडहून त्यांनी ट्रान्सफॉर्मर आणला होता. ओटीवर, सगळी जोडणी आत बसवायला, चहाचा रिकामा पत्र्याचा डबा उघडा पडला होता आणि राळेचा धूर वर जात होता. शेजारी विठू, त्यांचा एकुलता एक मुलगा, भिंतीला टेकून बघत होता. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो मासेमारीच्या लाँचवर जात होता, आणि मुलानं मासे मारावेत ही गोष्ट आप्पांच्या घशात हाडकासारखी अडकली होती.

"ही भिंतीतली वीज म्हणजे खाडीचं पाणी," आप्पा डाख देता देता म्हणाले. "भरतीला आत, ओहोटीला बाहेर. रेडिओला पाहिजे एकाच बाजूला वाहणारी, सेलातल्यासारखी. आता आपल्या खारबांधाला उघाडी असते ना? ओहोटीला उघडते, भरती आली की आपली आपण मिटते. हे डायोड म्हणजे तसल्या उघाड्या. चार लावल्या की येणारं नि जाणारं, दोन्ही पाणी एकाच पाटात."

मिऱ्याएवढे चार काळे दाणे. त्यांच्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या कुठल्या बाजूला हव्यात ते बघत आप्पांनी एकेक जोडला. समजावून सांगायची त्यांची हातोटी होती, हे नाकारून चालायचं नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा रेडिओ बोलला, पण गाण्याच्या मागून भुंगा घोंघावल्यासारखा आवाज येत राहिला. आप्पा हसले. त्यांनी बटण बंद केलं आणि बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर मध्ये बसवला.

"हा रांजण. साठवतो नि धार तुटू देत नाही."

दुसऱ्यांदा बटण दाबलं. भुंगा गेला. बातम्या देणारी बाई जणू ओटीवर येऊन बसली. आनंदीबाईंनाही क्षणभर कौतुक वाटलं.

"आप्पा," विठू म्हणाला, "पण लाईट गेली तर?"

आप्पांचा हात थांबला.

"तू जाळी ओढ. डोक्याची कामं दुसऱ्याला करू दे."

विठूनं हातातला तारेचा तुकडा चटईवर जागच्या जागी ठेवला आणि तो उठून अंगणात गेला. आप्पा त्याच्या मागोमाग आले ते गडग्यापाशी. चारही सेल मुठीत घेतले आणि एकामागून एक खाडीत भिरकावले. आनंदीबाई "अहो, असू देत" म्हणेपर्यंत चौथा बुडाला होता.

संध्याकाळी आप्पा वाडीभर सांगून आले. शेजारच्या धाकूच्या हातात नवे सेल दिसले, तर चार माणसांत त्याला म्हणाले, "अजून सेल घेतंय ते अडाणी." धाकू गरीब माणूस, हसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे विठू हरिश्चंद्र नाखव्याच्या लाँचवर गेला. जाताना आईला सांगून गेला. बापाला नाही.

वारा फिरला तो त्यानंतर दोन दिवसांनी. दुपारपासून दक्षिणेचं आभाळ गढूळलं, माडांच्या झावळ्या उलट्या झाल्या. दिवेलागणीला आप्पांनी रेडिओ लावला. "समुद्रात वादळ... किनाऱ्यापासून दूर गेलेल्या मच्छीमारांनी..." एवढं ऐकू आलं आणि दिवा विझला. रेडिओही गप्प झाला. कुठंतरी खांब आडवा झाला असणार.

आप्पांनी बटण खालीवर केलं. डबा हलवला. मग कंदील जवळ ओढून रेडिओची पाठ उघडली. सेलांच्या रिकाम्या खाचेत ते नुसते बघत राहिले.

"सेल हाय काय गो एखादा?"

"खाडीत हाय."

ते उठून दारात गेले. परत आले. पुन्हा दारात गेले. नवऱ्याच्या त्या येरझाऱ्यांकडे आनंदीबाईंचं लक्ष जात होतं. त्या स्वतः अशाच फिरल्या होत्या, याच ओटीवर, विठू पोटात असताना. आप्पा जहाजावर होते, एडनकडं जहाजं अडकल्याची बातमी आली होती, आणि दिवसामागून दिवस अन्न घशाखाली उतरत नव्हतं. सासू म्हणायची, पोटातल्यासाठी तरी खा. पुढं कधीतरी आप्पा ट्रंक घेऊन हसत घरात शिरले. "एक तार करायची होती," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा ट्रंकेची कडी काढता काढता आप्पांनी उत्तर दिलं होतं, "खलाशाच्या बायकोनं सवय करावी."

"मी धाकूकडं जात्ये," आनंदीबाई म्हणाल्या.

आप्पांनी रेडिओची पाठ पुन्हा बसवली. स्वतः तर जाणं शक्यच नव्हतं.

धाकूच्या घरात अर्धी वाडी रेडिओभोवती कोंडाळं करून बसली होती. धाकूच्या बायकोनं, सखूनं, त्यांना हाताला धरून पुढं बसवलं. बराच वेळ नुसती खरखर. मग बातमी आली. केळशीच्या तिन्ही लाँच जयगडच्या खाडीत शिरल्या होत्या, माणसं सुखरूप होती. आनंदीबाई सखूच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडल्या.

"आप्पांना सांगायला येऊ काय?" धाकूनं विचारलं.

"नको रे बाबा. मीच सांगत्ये."

आणि सांगायचंच होतं. पाऊस अंगावर घेत त्या जवळजवळ धावत आल्या. अंगणातूनच हाक मारायची म्हणून तोंड उघडलं होतं.

"गेलीस ना त्या धाकूच्या दारात?" कंदिलाच्या उजेडातून आप्पा आधी बोलले. "कापलंस माझं नाक वाडीत?"

आनंदीबाई पायरीवर थांबल्या. साडीचा काठ पिळला. पाणी निथळू दिलं.

मग आप्पांनी विचारलं, खालच्या आवाजात, "काय सांगितलंन?"

"लाईट आली की कळेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या डब्यातून."

त्या सरळ चुलीशी गेल्या. भात टाकला, आमसुलाचं सार केलं, दोन बांगडे निखाऱ्यावर भाजले. पानं वाढली. आप्पा पानावर येऊन बसले, पण भातात बोटं घालून तसेच राहिले. बाहेर वारा कौलं उचलू बघत होता. प्रत्येक आवाजाला त्यांची मान दाराकडं वळत होती. एकदा ते "विठू" असं काहीसं पुटपुटले. बोटांतली शितं पानाबाहेर पडत होती. आनंदीबाईंना ते दिसत होतं. एक शब्द टाकला असता तरी पुरे होतं. तो जिभेवर आलाही होता.

त्यांनी स्वतःच्या पानात आणखी भात घेतला. भूक चांगली लागली होती. बांगड्याचा काटा नीट बाजूला काढून त्या सावकाश जेवत राहिल्या.

आप्पा त्यांच्याकडं बघत होते. डोळ्यांत पाणी, पण आवाजात जुनी धार आणायचा प्रयत्न होता.

"तुझ्या घशाखाली उतरतो तरी कसा गो?"

आनंदीबाईंनी भातावर सार ओतून घेतलं.

"सवय केली," त्या म्हणाल्या.