एक झेंडा

‘श्रीधर, बाद.’

आप्पांचा आवाज. तो शब्द ऐकला त्याला चाळीस वर्षं झाली, आप्पांना जाऊन बारा. आवाज मात्र तसाच कोरडा, तसाच सरळ. इचलकरंजीच्या शाळेचं मैदान, खो-खोचा सामना, पंच आप्पा आणि पळणारा त्यांचाच मुलगा. मागच्या पोराचा हात श्रीधरच्या पाठीला लागलाच नव्हता. नुसता वारा लागला होता. पण आप्पांनी बाद दिलं आणि सगळं मैदान म्हणालं, पंच असावा तर असा, पोटच्या पोरालाही सोडत नाही. त्या संध्याकाळी आईनं त्याच्या पाठीवरची धूळ झाडता झाडता स्वतःशीच दोन ओळी जुळवल्या होत्या:

बाद झालं माझं बाळ, धूळ झाडिते पाठीची
पंचाच्या गं घरामंदी, नाही सावली बापाची

आप्पांना त्यानं कधी विचारलं नाही. आप्पांनीही कधी सांगितलं नाही. ते गेले, तेव्हा ती गोष्टही त्यांच्याबरोबर गेली असं श्रीधरला वाटलं होतं. पण ती कुठली जाते. ती त्याच्या घरात येऊन बसली.

आता फ्रँकफर्टच्या टोकाला, निद्दा नदीकाठच्या मैदानावर, तो पांढरा कोट घालून दिव्यांखाली उभा होता. दोन हातांत दोन झेंडे.

खेळ ऑस्ट्रेलियाचा. चेंडू लांबट, अंड्यासारखा. दोन्ही टोकांना उंच खांब. जर्मनीत हा खेळ खेळणारे क्लब मोजून दहा-बारा. वर्षातून एकदा सगळे एका रात्री एका मैदानावर जमतात. त्याला नाइट कप म्हणतात. हरला तो घरी. बरोबरीला इथे जागा नाही. पायानं मारलेला चेंडू कुणाचाही हात न लागता उंच खांबांमधून गेला तर गोल, सहा गुण. वाटेत बोट जरी लागलं तर एकच. खांबांपाशी गोलपंच असतो. गोलला तो दोन झेंडे हलवतो, एका गुणाला एक. आणि रीत अशी, की समोरच्या टोकाचा गोलपंच तितकेच झेंडे हलवून उत्तर देतो. पाहिलं, लिहिलं. सामना संपला की दोघं आपापली कार्डं जुळवतात आणि सही करतात.

क्लब गरीब, त्यामुळे गोलपंच घरचेच. कुणाचा बाप, कुणाची बायको. दोन क्लबांचा एकेक. पण आज श्रीधरच्या फ्रँकफर्टची फायनल म्युनिकशी, आणि म्युनिकच्या गोलपंचाची गाडी चुकली, तेव्हा म्युनिकवालेच म्हणाले, ‘माळवदेसाहेब आणि त्यांचा मुलगा असेल तर आम्हाला काळजी नाही.’

मुलगा म्हणजे वेदांग. सव्वीस वर्षांचा. शंभर-सव्वाशे पावलांवर, पलीकडच्या खांबांपाशी, तसाच पांढरा कोट घालून.

‘बघा,’ त्याची बायको मीनल मघाशी थर्मासमधला चहा ओतताना म्हणाली होती, ‘घरात दोन फुटांवर बसून बाप-लेकाला बोलायला होत नाही. इथे मैदानभर अंतर ठेवून झेंड्यांनी गप्पा मारतात.’

वेदांग हसला होता. श्रीधरची दुमडलेली कॉलर त्यानं सरळ केली आणि आईला म्हणाला, ‘पास्ट शोन, ममा.’ चालतंय म्हणून. मराठी त्याला सगळी कळते. उत्तर जर्मनमध्येच येतं. मग तो आपल्या टोकाकडे निघाला, उजवा पाय थोडा ओढत.

तो पाय. श्रीधर तो पाय पाहायचं टाळतो आणि दुसरं काही त्याला दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी, याच कपची सेमीफायनल. तेव्हा वेदांग खेळत होता, वाऱ्यासारखा पळायचा. फ्रँकफर्ट एका गुणानं मागे, शेवटचं अर्धं मिनिट, आणि वेदांगनं लांबून चेंडू मारला, नेमका श्रीधरच्या खांबांकडे. म्युनिकचा एक उंच गडी उडाला, हात ताणला आणि खाली येता येता ओरडला, ‘लागला, लागला!’

श्रीधर मेकॅनिकल इंजिनियर. फिरणाऱ्या वस्तू पाहण्यात त्याचा जन्म गेला. चेंडू कोलांट्या घेत आला तशाच कोलांट्या घेत पुढे गेला. ना गती बदलली, ना डुगडुगला. त्यानं पाहिलं होतं. आणि तरी सगळं मैदान आपल्याकडे बघतंय, हा याचा बाप आहे हे प्रत्येकाला माहीत आहे, एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात होतं. त्यानं एक झेंडा उचलला.

एक गुण. बरोबरी. म्हणून जादा वेळ. दुसऱ्याच मिनिटाला वेदांग चेंडूसाठी उडाला आणि पडला तो गुडघ्यातून आवाज काढत. तो आवाज श्रीधरनं खांबापाशी उभं राहून ऐकला. दोन ऑपरेशनं झाली. खेळ संपला.

त्या वर्षी क्लबांनी मिळून श्रीधरला प्रामाणिकपणाचा पोकाल, म्हणजे करंडक, दिला. हातभर उंचीचा, चांदीच्या रंगाचा. तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे आणि मीनल दर शनिवारी पुसते.

वेदांग रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. हॉस्पिटलच्या पलंगावर, पाय टांगलेला, तो म्हणाला, ‘माझीच किक बुटकी गेली, बाबा. जरा उंच मारली असती तर त्याचा हात पोचलाच नसता.’ तीन वर्षं तो हेच म्हणत आलाय. क्लबात नवा कुणी आला की त्याला अभिमानानं सांगतो, ‘माझ्या बापानं मलासुद्धा सोडलं नाही.’ खेळता येईना, तेव्हा गोलपंच झाला. बाबांसारखा.

सोमवारी तो म्युनिकला जाणार होता, नोकरीसाठी, कायमचा. ती बुटकी किकही सोबत घेऊन जाणार होता. आज सांगायचं, असं श्रीधरनं सकाळी एस-बानच्या लोकलमध्ये ठरवलं होतं. दुपारी खांब उभे करताना ठरवलं. चहा पिताना ठरवलं. आणि प्रत्येक वेळी तो पोकाल डोळ्यांसमोर आला, आणि पोराची ती नजर.

फायनल संपत आली. म्युनिक तेहतीस, फ्रँकफर्ट एकतीस. फ्रँकफर्टच्या कप्तानानं, योनासनं, पलीकडच्या टोकाला चेंडू मारला. तिथला म्युनिकचा गडी उडाला. हात वर. ओरडा: लागला.

श्रीधरला इथून काहीच दिसत नव्हतं. नुसतं दिव्यांखालचं धुकं आणि धुक्यात एक पांढरा कोट. तो कोट क्षणभर हलला नाही. उचल, श्रीधर मनात म्हणाला, आणि काय उचल ते त्यालाच कळेना.

वेदांगनं दोन्ही झेंडे उचलले.

म्युनिकचे तिघे-चौघे त्याच्याकडे धावले. ‘अर्थात,’ एक जण ओरडला, ‘घरचाच पंच.’ वेदांगनं मान हलवली नाही, हात खाली घेतले नाहीत. दोन झेंडे वर धरून, पलीकडे, बापाकडे बघत तो उभा राहिला. उत्तराची वाट बघत.

श्रीधरनं झेंडे वर केले. दोन्ही. पोरानं दिलेल्या गोलला दोन झेंडे. जे तीन वर्षांपूर्वी करायचे होते ते आज केले, दुसऱ्याच कुणाच्या गोलसाठी. हात खाली घ्यायचे त्याला भानच राहिलं नाही. भोंगा वाजला, फ्रँकफर्टची पोरं एकमेकांवर कोसळली, आणि गोलपंच आपला तसाच उभा.

वेदांग मैदान ओलांडून आला. पाय ओढत. गवतावर दव पडलं होतं. त्यानं खिशातून कार्ड काढलं.

‘सदतीस-तेहतीस?’

‘सदतीस-तेहतीस,’ श्रीधर म्हणाला.

सही झाली, तरी वेदांग जाईना. पेनाचं टोपण लावत राहिला, काढत राहिला. मग खाली बघत, लहानपणी बोलायचा तशा मोडक्या मराठीत म्हणाला, ‘बाबा, माझा हात घाबरला. मला वाटला, एक देऊ. तुम्ही दिला तसा. मग कोण काही बोलणार नाही. पण मला दिसला ते मी दिला. मी चूक तर नाही ना केला?’

मीनल थर्मास घेऊन येत होती. पलीकडे कप उंचावून गाणं चाललं होतं. श्रीधरनं हातातले झेंडे गुंडाळायला घेतले, ते गुंडाळले जाईनात. त्यानं ते गवतावर ठेवले.

‘तू बरोबर केलंस,’ तो म्हणाला. ‘चूक मी केली. तुझी किक बुटकी नव्हती, बाळा. त्याचा हात लागला नव्हता. बोट आणि चेंडू यांच्यामध्ये एवढा उजेड होता. मी पाहिला होता.’